डायलिसिसचे पाणी

एका डायलिसिसच्या वेळी रुग्णाचे रक्त आणि सुमारे १२० लिटर पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. पाणी निवळण्यासाठी घातलेल्या तुरटीतील ॲल्युमिनियम त्यातून रक्तात उतरले आणि १९७०च्या दशकात अनेक रुग्णांची वाचा अडखळली, स्मृती ढासळली, कित्येक दगावले. उकळून धातू जात नाही. म्हणून आता हे पाणी आर.ओ.च्या पटलातून गाळतात. शरीरात आधीच साचलेले ॲल्युमिनियम डेस्फेरिऑक्सामाइन हे औषध बांधते (मुळात ते लोहासाठीचे!) आणि पुढील डायलिसिसमध्ये ते बाहेर पडते. आपल्या माणसासोबत केंद्रात जाल, तेव्हा पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे निःसंकोच विचारा. घरातली आम्लपित्ताची बाटलीही डॉक्टरांना दाखवा; पुष्कळदा तिच्यात ॲल्युमिनियम असते.