ऐकून शिकण्याला कमी लेखू नका

आपल्याकडे भूल देतात ते भूलतज्ज्ञ डॉक्टर. अमेरिकेत त्याचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही भूल देतात. त्यांची राष्ट्रीय संघटना 1931 पासूनची. लहान गावांतल्या कितीतरी इस्पितळांत भूल द्यायला दुसरं कुणी नसतंच. अशा परिचारिकेने पॉडकास्ट ऐकून ज्ञान ताजं ठेवलं, तर त्याला शिक्षण म्हणायला पुष्कळजण नाक मुरडतात.

म्हणे, गाडी चालवताना ऐकलेलं अर्धंमुर्धंच डोक्यात शिरतं. खरं आहे. पण परिषदेत जेवणानंतरच्या व्याख्यानातही लक्ष भरकटतंच, आणि प्रमाणपत्र टिकवायला लागणारे गुण मात्र पदरात पडतात. शिवाय एकटीच असलेली परिचारिका परिषदेला गेली, तर तेवढे दिवस गावातल्या शस्त्रक्रियांचं काय?

ऐकलेलं शिळं असू शकतं, हा आक्षेप जास्त वजनदार. मधुमेहासाठी किंवा वजन कमी करायला सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेणाऱ्यांचं पोट सावकाश रिकामं होतं. त्यामुळे भुलीखाली पोटातलं फुफ्फुसात जाण्याची भीती असते. जून 2023 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन शस्त्रक्रियेआधी आठवडाभर थांबवा. ऑक्टोबर 2024 मध्ये अनेक संघटनांनी मिळून सांगितलं, बहुतेकांना ते चालू ठेवता येईल. जोखीम जास्त असेल तर आदले चोवीस तास पातळ आहार द्या. पॉडकास्टचा 2023चा भाग मात्र आजही फोनवर तसाच वाजतो. पण छापील पुस्तकाची नवी आवृत्ती यायला वर्षं जातात, पॉडकास्टची दुरुस्ती आठवड्यात निघू शकते. ती निघालीच पाहिजे, आणि जुन्या भागाच्या सुरुवातीलाच तसं बजावलं पाहिजे.

श्वासनळीत नळी घालणं ऐकून येत नाही, तसा दावाही कुणी करू नये. पण सगळं काम हातांचं नसतं. स्नायूंची शिथिलता उतरवणाऱ्या सुगामाडेक्सला अमेरिकेत डिसेंबर 2015 मध्ये परवानगी मिळाली. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला हे औषध दिल्यानंतर सात दिवस दुसरा उपायही वापरायला सांगावं लागतं. अनुभवी माणूस हे रुग्णाला कसं सांगतो ते कानावर पडलं, की तेच वाक्य आपल्या तोंडी बसतं.

अमेरिकेतल्या या परिचारिकांसाठी 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रमाणन योजनेत चार वर्षांत ‘अ’ वर्गाचे 60 गुण लागत, आणि त्यांना चाचणीची अट होती. हीच अट पॉडकास्टला लावा. तारीख, संदर्भ आणि शेवटी प्रश्न असतील, तर पूर्ण गुण द्या. प्रश्नही पाठांतराचे नकोत: परवा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेतलेला, सकाळपासून मळमळणारा रुग्ण टेबलावर आहे; भूल देणार की शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगणार, आणि का?