पेट स्कॅनमध्ये चमकले म्हणजे कॅन्सरच का?

परवा एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन दवाखान्यात आले. हातात पेट स्कॅनची भलीमोठी फाईल. छातीतल्या गाठी चमकल्या होत्या आणि रिपोर्टात कॅन्सरची शक्यता लिहिली होती.

"डॉक्टरसाहेब, दोन एकर विकायला काढतोय. नवीन इंजेक्शनं घ्यायची म्हणतोय पोरगा."

"तुकडा काढून तपासला का?" मी विचारले. मुलगा गप्प.

वाचकहो, या तपासणीआधी किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारख्या ओढतात, म्हणून तिथे उजेड दिसतो. पण क्षयाच्या गाठीही तशीच साखर ओढतात! आणि आपल्याकडे क्षय काही दुर्मिळ नाही. यंत्र खोटे बोलत नाही. साखर कुठे गेली एवढेच ते सांगते.

नव्या उपचारांचा मी विरोधक नाही. भारतात तयार झालेल्या कार-टी उपचाराला २०२३ साली परवानगी मिळाली, याचा मला अभिमानच आहे. मात्र तो ठरावीक रक्ताच्या कॅन्सरवर चालतो, छातीतल्या कुठल्याही गाठीवर नव्हे. तेव्हा बायोप्सीशिवाय असे महागडे उपचार सुरू करू नयेत, हे माझे स्पष्ट मत. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती बहुतेकदा निराधार असते. उलट चमक दिसली की क्षयच असेल म्हणून घरी बसणेही तितकेच घातक.

त्या गृहस्थांची बायोप्सी सोमवारी झाली. अहवाल यायचा आहे. जमिनीचा व्यवहार तूर्त थांबवायला लावलाय.