बॉनेटखालची अनोळखी वही

पर्युषणाच्या दिवसांत नाशिकमध्ये सकाळपासून लगबग असते. कोणी स्थानकात, कोणी देरासरात, तर कोणी सहकुटुंब म्हसरूळच्या गजपंथाकडे निघालेले असते. नेमकी अशा वेळी मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागून तसाच राहावा, हा अनुभव आता अनेक घरांना परिचयाचा झाला आहे. घरातील ज्येष्ठ खाली उतरतात, बाह्या सरसावतात आणि बॉनेट उघडतात. समोर काळ्या प्लास्टिकचे भले मोठे झाकण असते. त्यांच्या ओळखीच्या वस्तू दोनच : बॅटरी आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकी. पाच मिनिटे पाहून ते बॉनेट बंद करतात. नातू म्हणतो, “आजोबा, सर्व्हिस सेंटरला फोन लावू का?” आजोबा काही बोलत नाहीत.

त्यांच्या मौनाला कारण आहे. त्यांच्या पिढीतील पुष्कळ जण मोटार शिकले ते प्रीमियर पद्मिनीवर. त्या गाडीशी जैन समाजाचे नातेही जवळचे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्याआधी, १९३३ मध्ये, याच नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या रावळगावी त्यांचा साखर उद्योग उभा राहिला होता. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. त्यात काय कुठे आहे, हे बॉनेट उघडताच दिसे. गाडी झटके देऊ लागली, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरने घासावेत, प्लग साफ करावेत, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारावी. उन्हाळ्यात कसारा घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे, तेव्हा पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळून लोक शांतपणे झाडाखाली बसत. पंधरा-वीस मिनिटांत गाडी पुन्हा चालू. त्या गाड्या आजच्या गाड्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा बंद पडत, हेही खरेच. आठवणींच्या भरात ते विसरले जाते. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली.

मग बदलले काय? धुराचे नियम कडक झाले. भारत स्टेज चार हे मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा आले. इतका स्वच्छ धूर हवा असेल, तर प्रत्येक क्षणी हवा किती आणि इंधन किती, याचा हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब आता संगणक ठेवतो आणि ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर त्याला आकडे पुरवतात. हवा शुद्ध राहावी यासाठी केलेल्या या व्यवस्थेला अहिंसा मानणाऱ्या समाजाने नावे ठेवण्याचे कारण नाही. तक्रार वेगळी आहे. पूर्वी पेढीची वही मोडीत किंवा महाजनी लिपीत लिहिली जाई. परक्याला ती वाचता येऊ नये, ही त्यातली सोय होती. मोटारीची वहीही आज तशाच लिपीत लिहिली जाते. फरक एवढाच, की ती खुद्द मालकालाच वाचता येत नाही.

काही प्रमाणात ती वाचता येते, हेही सांगितले पाहिजे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. हजार-दोन हजारांत मिळणारे छोटे यंत्र त्यात बसवले की मोबाइलवर दोषाचा क्रमांक येतो. परंतु येथेच अनेकांची फसगत होते. उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ या क्रमांकाचा अर्थ एवढाच, की इंधनाच्या मानाने हवा जास्त होत आहे. हौशी गृहस्थ ऑक्सिजन सेन्सर विकत आणून बसवतात. दिवा दोन दिवस विझतो आणि पुन्हा लागतो. दोष असतो एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत, जिची किंमत सेन्सरच्या दशांशही नसते. विजेचे सुटे भाग दुकानदार सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे तो खर्च बुडीत खात्यात जातो. यंत्र लक्षण सांगते. निदान माणसालाच करावे लागते.

काही कामे हाताने जमण्यासारखी असूनही अडतात. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या अनेक गाड्यांत मागचे ब्रेक पॅड बदलण्यापूर्वी स्कॅनरने ब्रेकला ‘सर्व्हिस’च्या स्थितीत न्यावे लागते. डिझेल गाडीत नवा इंजेक्टर बसवला, तर त्यावरचा सांकेतिक क्रमांक बहुधा संगणकात भरावा लागतो. यातील विनोद असा, की इंजेक्टर आणि नोझल बनवणारा मोठा कारखाना नाशिकच्याच सातपूरला आहे. कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले असले, तरी नाशिककरांच्या तोंडी अजून ‘मायको’च आहे आणि चौकही मायको सर्कलच. स्कॉर्पिओसुद्धा २००२ पासून नाशिकच्याच महिंद्रच्या कारखान्यात तयार होत आली. ज्या शहराचे हजारो हात मोटारीचे भाग घडवतात, त्याच शहरातला मालक स्वतःच्या मोटारीपुढे हात बांधून उभा राहतो.

हा केवळ मनस्तापाचा नव्हे, हक्काचाही प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे, हा ठपका होता. बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. दुकानात मालाच्या एकेका नगाचा हिशेब मागणारा व्यापारी सर्व्हिस सेंटरचे बिल मात्र न वाचता चुकते करतो, हे आश्चर्यच. दोषाचा क्रमांक लिहून मागावा, बदललेला जुना भाग परत मागावा. द्वारका किंवा मुंबई नाका परिसरातील जाणत्या मिस्त्रीला दोन्ही दाखवले, तरी पुष्कळ उलगडा होतो.

काही ठिकाणी मात्र हात घालूच नये. पिवळ्या जोडण्या बहुधा एअरबॅगच्या असतात; नारिंगी वायरी हायब्रिड व विजेच्या गाड्यांतील उच्च दाबाच्या. डिझेल इंजेक्टरच्या नळ्यांतील दाब इतका प्रचंड असतो, की बारीक गळतीची धार कातडी भेदून आत शिरते.

आणि एक दुरुस्ती अशी आहे, की ती घरचा माणूसच उत्तम करू शकतो. पावसाळ्यात दिवा लागण्यामागे सेन्सर नसून उंदीर असण्याचा संभव बराच असतो. धान्य-किराण्याच्या गोदामापाशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर विशेष. इंजिनाच्या उबेला तो येतो आणि वायर कुरतडतो. टॉर्च घेऊन शांतपणे पाहिले, तर तुटलेली वायर दिसते. ती पिळून वर टेप गुंडाळणे पुरेसे नाही. सेन्सरच्या वायरीतून अवघ्या पाच व्होल्टच्या आतले संकेत जातात. सांधा कच्चा राहिला, तर संगणकापर्यंत चुकीचा आकडा पोहोचतो आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. सांधा झाळून त्यावर आकसणारी नळी चढवावी. विषाच्या गोळ्या आणि चिकट पट्ट्या जैन घरात येणार नाहीत, हे उघडच आहे. तेव्हा बॉनेटखाली पालापाचोळा साचू देऊ नये, गाडीत खाऊचे कण ठेवू नयेत, ती आठवडाभर एकाच जागी उभी ठेवू नये आणि शेजारी जाळीचा पिंजरा ठेवावा. त्यात सापडलेला उंदीर त्याच सकाळी गावाबाहेर दूरवर नेऊन सोडावा लागतो. त्यासाठी अर्थात मोटार काढावी लागते.