पंख विमानात चढवताना

कामशेतला माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पॅराग्लायडिंग करतो. डोंगरावरून शेकडो वेळा उडालेला हा पोरगा गेल्या ऑक्टोबरपर्यंत विमानात मात्र बसला नव्हता. पावसाळ्यात मावळातले उड्डाण बंद असते. ऑक्टोबरात हिमाचलातील बीर-बिलिंगला मोसम असतो. २०१५ साली तिथे विश्वचषक स्पर्धाही झाली. तिकडे सरावाला जायचे म्हणून पुण्याहून दिल्लीचे तिकीट काढले. बहिणीने भातकापणीच्या मजुरीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्याला दिले.

लोहगावला काउंटरवर पिशवी ठेवली, तर काटा २२ किलोवर. तिकिटात सामान १५ किलोच. पंख, बसायचा हार्नेस, आणीबाणीचे पॅराशूट, हेल्मेट. कमी काय करणार? सात किलोंचे जादा पैसे तिथेच मोजावे लागले आणि त्यातच त्याचे जेवणाचे पैसे गेले. फोनवर म्हणाला, “मावशी, पंखाला किती वजन झेपतं ते मला पाठ आहे. विमानाचं विचारायचं मात्र राहिलं.”

चूक आमचीच. तिकीट काढतानाच जादा वजन सांगून पैसे भरले, तर बहुधा स्वस्त पडते. आपल्या तिकिटात किती किलो बसतात ते आधी वाचावे. एका नगाचे वजन ३२ किलोंवर गेले, तर तो नग सहसा घेतच नाहीत. घरी काटा नसेल तर वाण्याकडे जाऊन वजन करावे, लाजू नये.

दुसरी फजिती बॅटरीची. लोणावळ्याच्या मित्राने, तो लग्नाचे फोटो काढतो, आपला कॅमेरा वापरायला दिला होता. त्याच्या दोन सुट्या बॅटऱ्या याने पंखाच्या घडीत खोचल्या. मऊ राहतील म्हणून! तपासणीत त्या दिसल्या, याला बोलावून पिशवी उघडायला लावली. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक खाली माल ठेवण्याच्या जागी चालत नाहीत. तिथे आग लागली तर जाऊन कोण विझवणार? त्या हातातल्या पिशवीतच न्याव्यात, टोकांना चिकटपट्टी लावून.

बॅटरीची ताकद वॅट-तासात मोजतात. मिलिअँपिअर-तासाला हजाराने भागून व्होल्टने गुणावे. २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टची असेल तर ७४ वॅट-तास होतात. १०० पर्यंत अडचण नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी.

कॅमेरा हातातच ठेवावा, पण त्या पिशवीला साधारण ७ किलोंचीच मुभा असते. हार्नेसला लावलेली दोर कापायची सुरी उलट खालच्या सामानात जाते. हातात सापडली तर काढून घेतात. ट्रेकच्या स्टोव्हचा गॅसचा डबा तर कुठेच चालत नाही, तो तिकडेच विकत घ्यावा.

पोरगा दोन आठवड्यांनी परतला. परतीचे जादा वजन त्याने आधीच भरले होते. त्याची आई तेव्हा शेतात होती; मजूर न लावता दोघांनी मिळून भात कापला. यंदा पुन्हा जायचे म्हणतो. वजन घरीच करीन म्हणून आमच्याकडचा ताणकाटा घेऊन गेला आहे. तो अजून परत आलेला नाही.