पाठीमागचा कागद

माझ्या पाठीची शस्त्रक्रिया होऊन सहा वर्षे झाली. मणक्यांमधली गादी सरकली होती. माणगावला परतलो, तो उठून बसलो की डोके ठणके, आडवा झालो की थांबे. "अहो, पित्त असेल," असे हिचे निदान. आवळ्याचे सरबत झाले, सुंठेचा लेप झाला. महिन्याने डोके थांबले. डाव्या पायातली आग मात्र थांबली नाही. एस.टी.ने गोरेगावपर्यंतसुद्धा सलग बसवत नाही.

गेल्या पावसाळ्यात पेटी आवरताना इस्पितळाचा कागद सापडला. भाच्याने वाचून सांगितले: नसांभोवतीचे आवरण चुकून फाटले, टाके घातले. एवढीच ओळ! आतले पाणी तिथून झिरपले की बसल्यावर डोके दुखते. पुढे नसा एकमेकींना चिकटल्या तर पाय जळतो. निष्णात हातूनही असे घडते म्हणतात. कबूल. पण मग मला सांगायला काय झाले होते?

हैदराबादच्या 'निम्स'मध्ये १९९० साली वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या छातीतली, मणक्याजवळची गाठ काढली. गाठ काढण्याची संमतीही घेतली नव्हती. पोरगा कमरेखाली लुळा झाला. चाकाच्या खुर्चीतून त्याने स्वतः बाजू मांडली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक कोटी रुपये भरपाई दिली. त्याच्यापुढे माझे दुखणे ते काय! मला कोर्टात जायचे नाही. तो कागद मात्र आता देवघराच्या फळीवर आहे.

भाऊबीजेला हिच्या भावाकडे ठाण्याला जायचे आहे. प्रवास दिवसाचा, तरी हिने तिकिटे झोपायच्या डब्याची काढली आहेत.