लिनक्सवर गेम चालत नाहीत? आता कारण वेगळं आहे!

'लिनक्सवर गेम चालत नाहीत राव', हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. आता ते अर्धंच खरं आहे. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं आणि विंडोजसाठी बनलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक तर लिनक्सवरच चालतो.

मग अडलंय कुठे? ऑनलाइन गेममध्ये चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. त्यातलं ईझी अँटी-चीट प्रोटॉनवर चालतं, पण परवानगी गेम कंपनीने द्यायची. गंमत बघा, हे सॉफ्टवेअर एपिकचं आणि त्याच एपिकचा फोर्टनाइट लिनक्सला दार उघडत नाही! एपेक्स लेजंड्स चालत होता, तो २०२४ मध्ये बंद केला. म्हणे लिनक्समधून चीटर घुसतात. चिंता खोटी नाही, पण विंडोजवर चीटर कमी आहेत का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ११ च्या अटींत न बसणारे धडधाकट पीसी घराघरांत आहेत. पोराच्या एका गेमपायी ते भंगारात घालायचे? पैसे आपण मोजलेत, मग त्यावर काय चालवायचं हेही आपल्यालाच ठरवू द्या ना!