एकटीला जाऊ द्या, पण तयारीनिशी

आपल्या वस्तीत सायकल म्हणजे कामावर जायचे साधन. त्यामुळे घरातली मुलगी ‘कोकणकिनाऱ्याने रेवस ते रेडी एकटी सायकलवर जाते’ म्हणाली, की घर आधी ‘नाही’ म्हणते. आमचे मत वेगळे आहे. आपल्या अंगाने फक्त राबावे, हिंडू नये, असे कोणी ठरवले? जाऊ द्या, मात्र तयारी तपासा.

500 किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता किनाऱ्याचा असला तरी सपाट नाही. खाडीकडे उतार, पुढे पुन्हा चढ. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे इथे फेरीबोट घ्यावी लागते. महागडी सायकल नको. ब्रेक पक्के हवेत. पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. नाहीतर गुडघे दुखतात.

खरा धोका उन्हाचा. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. डोके दुखले, गरगरले, मळमळले तर लगेच सावलीत थांबावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे.

ऊन लागून भान हरपू लागले, तर एकटीला ते स्वतःला कळत नाही. म्हणून दिवसातून तीनदा घरी फोन हवाच. बोलणे अडखळले, तर शेजारी असेल त्याला फोन द्यायला सांगा आणि 108 बोलवा. एकटी म्हणजे बेवारस नव्हे.